वहिवाट

“दिवेकर? म्हणजे आपलेच की!” असे म्हणून त्या गृहस्थांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हरवलेली वस्तू परत मिळावी तसा बराच वेळ सोडलाच नाही.

हे घैसास. ‘शांताकार हॉलिडे पार्क’चे विक्री व्यवस्थापक. गोरे, तुकतुकीत, कपाळावर गंधाचा इतका रेखीव ठिपका की तो भक्तीचा आहे की छपाईचा, हे ठरवता येऊ नये. पार्कच्या छोट्या बसमधून आम्ही तिघे नुकतेच उतरलो होतो: मी, माझी आत्या, आणि अलिबागला बसमध्ये चढलेले डॉक्टर मुकादम. घैसासांनी नमस्कार तिघांनाही केला; हात मात्र माझाच धरला.

“र. श. दिवेकर! सर, ताम्रपटांवरचं तुमचं पुस्तक आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये आहे. वाचून व्हायचंय अजून, पण अगदी दर्शनी भागात ठेवलंय.”

मराठी विद्वानांनी आपली नावे आद्याक्षरांत गुंडाळून ठेवण्याची जी प्रथा पाडली आहे, तिचे लहानसहान फायदे मला जन्मभर मिळत आले. तिचा उपद्रव कसा असतो, ते त्या सकाळी पहिल्यांदा दिसले.

“आणि ही आमची भाग्यशिळा,” घैसास म्हणाले.

फाटकाच्या आतल्या बाजूला, संगमरवरी चौथऱ्यावर, कमरेएवढी एक जुनी शिळा उभी केली होती. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले; खाली शेंदराच्या थरांत बुडालेल्या दोन आकृत्यांची गुंतागुंत. गळ्यात झेंडूचा ताजा हार.

“खोदकामात सापडली. कामधेनू आहे ती. साहेब दर पाडव्याला सपत्नीक पूजा करतात. तुम्ही तर या विषयातले. किती जुनी असेल?”

“शिलाहारांच्या काळातली दिसते,” मी म्हणालो. “राजाने दान दिलेल्या जमिनीची हद्द दाखवायला अशा शिळा रोवत.”

“दान! बघा, केवढं शुभ!”

मी पुढचे बोललो नाही. त्या शिळेचा गाईशी काडीमात्र संबंध नव्हता. पण अर्धा प्रश्न विचारणाऱ्याला अर्धेच उत्तर द्यावे, हा नियम मी वर्गात कटाक्षाने पाळत आलो होतो, आणि तो वर्गाबाहेर मोडावा असे अजून काही घडले नव्हते.

सुटीचे घर घ्यायचे आत्याने मनावर घेतले होते, आणि पार्क निवडायला तिने मला जुंपले होते. ती तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होती. लग्नानंतर नवऱ्याबरोबर परदेशी गेली. तिथल्या एका वाळवंटी गावात तिचा संसार झाला, मुले वाढली, नवरा गेला. दर हिवाळ्यात ती पुण्याला माझ्याकडे येई आणि तिचे मागणे एकच असे: वडखोलीच्या समुद्रासमोर, ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. वडखोली हे अलिबागच्या दक्षिणेचे तिचे जन्मगाव, माझ्या वडिलांचेही. तिथले आमचे घर केव्हाच विकले गेले होते. या वयात एकट्या बाईने गावात बांधकाम काढणे शक्य नव्हते. म्हणून हॉलिडे पार्क; तिथे दिवाबत्ती, पाणी, रखवालदार, डॉक्टर, सगळे तयार मिळते.

आधी आम्ही दोन पार्क पाहून आलो होतो. पहिल्याच्या दाराशी ग्रीक खांब होते आणि त्या खांबांना प्लास्टरचे हत्ती टेकले होते. असा संगम सिकंदरालाही साधला नसता. आत्याने तिथे विचारले, “दारावर कोळीण येईल का हो?” उत्तर मिळाले, “सिक्युरिटी सोडत नाही, आजी. मोबाइलवरून सगळं मागवता येतं.” दुसऱ्या पार्कात समुद्राऐवजी एक तलाव होता आणि त्यात यंत्राने लाटा सोडत. लाटांची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. “मग रात्री समुद्र कुठे जातो?” आत्याने विचारले. दाखवणाऱ्या मुलीला हसू आले, पण तिने ते नोकरीच्या भीतीने गिळले.

तिसरे हे शांताकार. वडखोलीच्या हद्दीत. आत्याने माहितीपत्रक उघडलेही नव्हते. नकाशावर गावाचे नाव पाहिले आणि म्हणाली, “बाळ्या, हेच. बाकीचं तू वाचत बस.”

बसमध्ये तिची आणि डॉक्टर मुकादमांची तेवढ्यात गट्टी जमली होती. डॉक्टर महाडचे, दातांचे. नुकताच दवाखाना बंद करून मोकळे झालेले.

“बाय, जिताडं खावं तर पेणच्या खाडीचं,” ते म्हणाले.

“वडखोलीचं तुम्ही खाल्लं नाहीत, म्हणून असं बोलता.”

“खाल्लंय की! माझी मावशी दिली होती वडखोलीत.”

“मग तुमच्या मावशीला शिजवता येत नसणार.”

डॉक्टर इतके हसले की ड्रायव्हरने आरशातून पाहिले. बायकोच्या गुडघ्यांसाठी त्यांना बिनजिन्याचे घर हवे होते. मासे आणि गुडघे या दोन विषयांवर दोघांचे मतभेद आणि मतैक्य इतके जमले की शेजारशेजारची घरे घ्यायचे बसमध्येच ठरले.

स्वागतकक्षाच्या भिंतीवर पार्कचा मोठा नकाशा होता. विकलेल्या घरावर लाल टाचणी, शिल्लक घरावर हिरवी. हिरव्या पुष्कळच होत्या. घैसासांनी आम्हाला कोकम सरबत दिले आणि डॉक्टरांकडे वळले.

“आपलं नाव?”

“डॉक्टर मुकादम.”

“मुकादम. छान. मूळचे?”

“महाडचे.”

“महाडचे मुकादम. आणि पूर्ण नाव?”

“अब्बास हसन मुकादम.”

घैसासांचे हसू जागच्या जागी राहिले; त्याच्या मागचा माणूस तेवढा उठून गेला. “अरेरे, डॉक्टर! कसं सांगू तुम्हाला? शेवटचं घर कालच गेलं. मी तुमचं नाव वेटिंगला टाकतो.”

डॉक्टरांनी नकाशाकडे पाहिले. “या हिरव्या?”

“त्या होल्डवर आहेत.”

“सगळ्या?”

“हो ना. सगळ्याच.”

“घैसास,” मी म्हणालो, “निम्मी घरं शिल्लक आहेत, असं तुमच्याच माणसाने आत्ता बसमध्ये सांगितलं.”

डॉक्टरांनी माझ्या दंडावर हात ठेवला. “प्रोफेसर, राहू द्या. हे काही माझं पहिलं पार्क नाही. पहिल्या ठिकाणी मी भांडलो होतो. आता मी चहा घेतो आणि बसमध्ये बसतो.” मग ते घैसासांकडे वळून अत्यंत सौजन्याने म्हणाले, “चहा आहे ना? की तोही होल्डवर?”

चहा होता. कप घेऊन ते बाहेर बदामाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. राग आला की माणसे आवाज चढवतात, हे मी ग्रंथांतही वाचले आहे आणि प्राध्यापकांच्या सभांतही पाहिले आहे. ज्याला रागावण्याचाही कंटाळा आला आहे, असा माणूस मात्र मी तेव्हाच पाहिला, आणि त्याने मला जितके संतप्त केले तितके कोणत्याही आरड्याओरड्याने केले नसते.

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. तिच्या रागाची खूण एवढीच.

“घैसास,” ती गोड आवाजात म्हणाली, “आमचीही परीक्षा घेऊन टाका.”

“मावशी, तुमची कसली परीक्षा! आपल्याच माणसांची?”

“नाही, नाही. मागाहून कटकट नको. विचारा तुम्ही.”

घैसासांना जे कोणी सांगितले नव्हते, ते वाचकाला इथेच सांगणे भाग आहे. आम्ही बेने इस्राएल. फार पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटून जी ज्यू कुटुंबे वाचली त्यांचे आम्ही वंशज, असे आमचे वाडवडील सांगत आले. इथे आम्ही तेल गाळले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोकांनी आम्हाला शनवार तेली म्हटले. ज्या गावी राहिलो त्या गावाचे नाव लावले. दिव्याचे ब्राह्मण दिवेकर झाले, तसे दिव्याचे आम्हीही दिवेकर झालो. एका आडनावाखाली दोन धर्म शतकानुशतके सुखाने नांदले, आणि आडनाव ऐकून माणूस ओळखणाऱ्यांची त्यामुळे अधूनमधून फजिती होत राहिली. माझ्या ‘र. श.’चा उलगडा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही. आत आहे, पण आतपर्यंत घैसासांचे साहेब पोचले नव्हते.

“बरं, आता सहज म्हणून विचारतो,” घैसास संकोचाने म्हणाले. “पार्क संपूर्ण सात्त्विक आहे. घरातलं खाणंपिणं?”

“कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, आमच्या घराण्यात आजवर कुणी तोंडात घातलेल्या नाहीत. शास्त्रात वर्ज्यच आहेत.”

“वा! हल्ली कोण पाळतं एवढं!”

“शनिवारी चूल पेटवत नाही.”

“शनिवारसुद्धा! मारुतीचा?”

“देवाचा वार आहे तो,” आत्या म्हणाली.

“आणि मुलांच्या मुंजी वगैरे वेळच्या वेळी होतात?”

“मुलाचा मुख्य संस्कार आमच्यात आठव्या दिवशी. जन्मल्यापासून आठव्या. एक दिवस इकडचा तिकडे चालत नाही.”

“आठव्या दिवशी? ही परंपरा मी प्रथमच ऐकतोय. वैदिक असणार. पण मावशी, एवढ्याशा पोराला काय कळणार?”

“कळतं हो,” आत्या म्हणाली. “चांगलंच कळतं.”

मी खिडकीबाहेरच्या सुपारीच्या झाडांकडे अभ्यासपूर्वक पाहू लागलो.

“प्रार्थना मूळ भाषेत करतो. सगळ्यांना अर्थ कळतोच असं नाही, पण पाठ असते.”

“अगदी आमच्यासारखं!” घैसास उद्गारले. त्या सकाळी त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले निखळ सत्य.

“आणि वर्षातून एकदा दार फाळणीचा सण. पांढरी वस्त्रं नेसायची, दारं लावून घ्यायची, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, बाहेरच्या कुणाशी शिवाशिव नाही.”

घैसास खरोखर हेलावले. “मावशी, आम्हाला अशीच घराणी हवीत हो. म्हणून तर इतकं पारखून घेतो. एकदा का कोणीही आत शिरला की...” त्यांनी हनुवटीने बदामाकडे खूण केली. डॉक्टर बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. “माणूस चांगला असेल. मी नाही म्हणत नाही. पण वातावरण बिघडतं.”

“कशानं?”

“त्यांचं सगळंच वेगळं, मावशी.”

“खरं आहे,” आत्या गंभीरपणे म्हणाली. “शनिवारी चूल पेटवतात.”

घैसास मनापासून हसले. कशाला, ते त्यांना ठाऊक नव्हते.

मग त्यांनी आम्हाला घर दाखवले, आणि इथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की घर उत्तम होते. बैठे, कौलारू, समोर रुंद ओटा, ओट्यापुढे सुरूची विरळ रांग आणि तिच्यामागे समुद्र. घैसासांनी आतून वेताची खुर्ची आणून ठेवली. आत्या बसली. तिने चपला काढल्या आणि पावले थंड फरशीवर टेकवली. ओहोटी लागली होती. खाली पुळणीवर दोन बायका सुकत घातलेले बोंबील उलटत होत्या. त्यांचा वास सात्त्विकतेचे सगळे नियम ओलांडून ओट्यापर्यंत येत होता. आत्याने तो खोल आत ओढून घेतला.

“बाळ्या,” ती हलकेच म्हणाली, “आई अशाच ओट्यावरून हाक मारायची. भरती आली की.”

तिने जन्मभर सगळ्यांसाठी सगळे केले आणि स्वतःसाठी कधी काही मागितले नाही, असे मी म्हणणार नाही. ती मागत असे, भरपूर मागत असे. पण इतक्या उघड्या चेहऱ्याने काही हवेसे वाटलेले मी तिच्या बाबतीत पाहिले नव्हते. तिला ते घर हवे होते. घैसासांनाही ते दिसले. ते धंद्यात मुरलेले होते. गप्प राहिले आणि समुद्राला बोलू दिले.

थोड्या वेळाने तिने विचारले, “त्या टेकाडावर काय आहे?” विचारताना तिने तिकडे पाहिले नाही. काय आहे ते आम्हा दोघांना पुरते ठाऊक होते.

“ते होय? पडीक आहे. जुनं कब्रस्तान आहे, ज्यू लोकांचं. गेले सगळे आपापल्या देशात. त्यांची वहिवाट तेवढी राहिलीय; आपल्या फाटकातून थेट वरपर्यंत. सरकारदरबारी नोंद आहे, तीच आमच्या साहेबांची डोकेदुखी. पण वापर कुठे आहे? वर्षानुवर्षं त्या वाटेनं कुणी आलं नाही, कुणाला पुरलं नाही. वकील म्हणतात, वाट वापरात नाही एवढं दाखवता आलं की ती मिटली. मग टेकाड आपलंच. वर सनसेट डेक करायचाय.”

“आणि दगड?”

“कसले दगड?”

“कबरींवरचे.”

“बागेत बसवू ना. काळा दगड हिरवळीवर फार छान दिसतो.”

त्या दगडांपैकी दोहोंखाली आत्याचे आईवडील होते. म्हणजे माझे आजी-आजोबा. मी दर वर्षी तिथे जाऊन दिवा लावून येत असे, पण समुद्राकडच्या अवघड चढाने. जुन्या वाटेवर भिंत आणि फाटक उभे राहिल्यापासून तोच रस्ता उरला होता. आत्याला तो चढ झेपत नव्हता. भिंत वर्षागणिक लांबत जाताना मी खालून पाहिली होती. भिंतीमागचा माणूस आज भेटला.

“घैसास,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटावा इतका शांत होता. “डॉक्टरांना तुम्ही पूर्ण नाव विचारलंत. मला नाही विचारलंत.”

“सर, तुम्हाला कशाला...”

“रहमिम शालोम दिवेकर. माझे आजी-आजोबा त्या टेकाडावर आहेत. तुम्ही ज्यांना हिरवळीवर बसवणार आहात, ते.”

मला वाटले, आता घैसासांचे हसू पुन्हा रिकामे पडेल, हिरव्या टाचण्या एकाएकी होल्डवर जातील, आणि आम्हीही बदामाखाली चहा पिऊ. त्याची मी तयारी केली होती. मनात दोन-तीन वाक्ये घासूनही ठेवली होती. पण जे झाले त्याला माझ्या वाचनात कुठे आधार नव्हता. घैसासांचा चेहरा उजळला.

“इस्राएल! सर! अहो, आधी नाही का सांगायचं! तुमच्या लोकांबद्दल आम्हाला केवढा आदर आहे! एवढासा देश, चहूबाजूंनी वेढलेला, पण काय बिशाद आहे कुणाची! साहेब प्रत्येक भाषणात उदाहरण देतात. तुम्हाला घर द्यायला कसलीही अडचण नाही. उलट भूषण आहे आम्हाला. आणि टेकाडाचं मनाला लावून घेऊ नका. तिथे तुमच्यासाठी छानशी कोनशिला बसवू. हेरिटेज कॉर्नर!”

मला शिवी दिली असती तर मी कमी अपमानित झालो असतो. शिवीत निदान समोरचा माणूस दिसतो. इथे माझ्या आजोबांना, ज्यांनी आयुष्यभर तीळ आणि खोबरे गाळले आणि ज्यांची लढाई फक्त घाण्याच्या बैलाशी झाली, एका अनोळखी देशाच्या सैन्यात भरती करून घेतले गेले होते, आणि त्या पराक्रमाचे बक्षीस म्हणून मला दोन खोल्यांचे घर मिळत होते.

“म्हणजे हे घर मला मिळेल,” आत्या म्हणाली.

“आजच्या आज, मावशी!”

“आणि ते शेजारचं?”

“तेही मोकळंच आहे.”

“मग ते डॉक्टरांना द्या. एवढीच माझी अट. मला जिताड्यावरून भांडायला शेजारी माणूस लागतो.”

घैसास क्षणभर हसले, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. “मावशी, ते नाही जमायचं. तुमची गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी? आम्हीही पुरतो, तेही पुरतात. डुक्कर दोघांनाही चालत नाही. देव एक, मूर्ती नाही. आणि मुलाचा तो संस्कारही तोच. त्यांच्यात जरा उशिरा करतात, एवढंच. मी मघाशी सगळं खरंच सांगितलं की तुम्हाला.”

आठव्या दिवसाचा अर्थ घैसासांच्या चेहऱ्यावर सावकाश उगवला. ते लाल झाले. “पण...” त्यांनी खरोखरच गोंधळून विचारले, “तुमचं आणि त्यांचं तर वैर आहे ना?”

“कुठे? वडखोलीत?” आत्याने पहिल्यांदा टेकाडाकडे पाहिले. “माझी आई गेली तेव्हा ऐन पावसाळा होता. आमची माणसं कमी पडली. खांद्याला मोहल्ल्यातली माणसं आली होती, चिखलातून, त्या वाटेनं. तुमच्या फाटकाच्या जागी तेव्हा करवंदाची जाळी होती. वैर तुम्ही पेपरात वाचता, घैसास. मी इथली आहे.”

“मावशी, मला वैयक्तिक काही नाही हो. पण बाकीचे मेंबर...”

“असं म्हणणारा नेहमी एकटाच असतो,” मी म्हणालो, “आणि बाकीचे नेहमी बाहेर गेलेले असतात.”

आत्या उठली. चपला घातल्या. वेताची खुर्ची तिने स्वतःच भिंतीशी सरकवून ठेवली, परक्याच्या घरची ठेवावी तशी. ओट्याच्या कठड्यावर एकदा हात फिरवला.

“घर फार छान आहे,” ती म्हणाली. “मला नको.”

फाटकापर्यंत घैसास आमच्या मागोमाग आले. त्यांना आमचा राग आला नव्हता. सौदा हुकल्याचे दुःख झाले होते आणि तो का हुकला हे कळत नव्हते. शेंदरी शिळेपाशी मी थांबलो. आता मात्र वर्गाचा नियम मोडण्याइतके घडून गेले होते.

“घैसास, मघाशी मी अर्धंच सांगितलं. ही कामधेनू नाही. हिला गद्धेगाळ म्हणतात. दान दिलेली जमीन जो कोणी बळकावेल त्याच्यासाठी ही शिवी कोरलेली असते. खाली जे दोन आकार दिसतात, त्यांपैकी एक गाढव आहे. दुसरी त्या बळकावणाऱ्याची आई. शेंदूर खरवडलात तर ते काय करताहेत तेही दिसेल. साहेबांना सांगा. पाडव्याला सपत्नीक पूजा करताना अर्थ ठाऊक असलेला बरा.”

विद्वत्तेचा असा निर्भेळ आनंद मला फार थोड्या वेळा मिळाला आहे.

बसमध्ये डॉक्टरांनी आत्याला खिडकीची जागा दिली. “काय बाय, झालं बुकिंग?”

“नाही हो. नाव वेटिंगला टाकलंय.”

“तुमचंही? कुठलं घर?”

आत्या काचेतून मागे पाहत होती. फाटक, भिंत, भिंतीवरून डोकावणारे टेकाड.

“जरा वरच्या अंगाचं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, जणू बाजारातून काय आणायचे ते विचारावे तसे, “बाळ्या, वाट वापरात नाही म्हणाला ना तो?”

“हो.”

“मग वापरायला हवी.”

त्या दिवशी ती एवढेच बोलली. उरलेले तिने पुढच्या हिवाळ्यात सांगितले, पुण्याला माझ्या स्वयंपाकघरात, नारळ खवताना. मी म्हणालो, तिकडे आतोबांशेजारी तुझी जागा राखून ठेवली आहे. ती म्हणाली, ते समजूतदार होते, त्यांना मी समजावीन. मुलांना तिने स्वतः फोन केले. मुले रडली, भांडली, आणि शेवटी आईपुढे चालत नाही तसे त्यांचे चालले नाही. “फाटकातून न्यायचं,” तिने मला बजावले. “समुद्राच्या चढानं नाही. फाटकातून.”

त्यानंतरच्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी संध्याकाळी, माझ्याच घरी तिने प्राण सोडला. शनिवारी आमच्यात दफन होत नाही. म्हणून रविवार आला, आणि रविवारी शांताकार भरलेले असते.

अलिबागहून आमची माणसे आली होती, ठाण्याहून आली होती. प्रार्थनेला लागतात तेवढी कशीबशी जमली. खांद्याला पुन्हा कमी पडत होती. डॉक्टर मुकादमांना मी फक्त कळवले होते. ते महाडहून दोन भाचे घेऊन आले, आणि वडखोलीच्या मोहल्ल्यातून त्यांच्या त्या मावशीची, जिला जिताडे शिजवता येत नव्हते असा आत्याचा दावा होता, नातवंडे आली. पांढऱ्या कफनातली आत्या फार हलकी झाली होती. पुढचा खांदा माझा, शेजारचा डॉक्टरांचा.

फाटकाचा दांडा खाली होता. घैसास धावत आले. ते जाड झाले होते. गंधाचा ठिपका तसाच रेखीव. त्यांच्या मागे हिरवळीवर, पांढऱ्या छत्र्यांखाली, लोक नाश्त्याला बसले होते. एकेक करून चमचे थांबले.

“सर, वाईट झालं. फार वाईट. पण आज रविवार आहे हो, मेंबर्स बसलेत. मागच्या बाजूने, समुद्राकडून नेता आलं तर...”

“वहिवाट फाटकातून आहे.”

“पण ती वापरात...”

“घैसास,” मी म्हणालो, “बघता आहात ना?”

वाटेच्या नोंदीचा सरकारी उतारा माझ्या खिशात होता; मेलेल्या राजांचे ताम्रपट वाचण्यात गेलेल्या आयुष्यात जिवंत माणसाच्या उपयोगी पडलेला माझ्या हातचा तो एकमेव दस्तऐवज. पण घैसासांनी तो मागितला नाही. त्यांनी माझ्याकडे, मग डॉक्टरांकडे, मग आमच्या दोघांच्या खांद्यांवर जे होते त्याकडे पाहिले आणि ते बाजूला झाले. चौथऱ्यावरच्या शिळेला तेव्हाही झेंडूचा हार होता. शेंदूर आणखी जाड झाला होता.

दांड्यापाशी नवा रखवालदार होता, गावातलाच असावा. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग आपले काम आठवून, अपराधी आवाजात विचारले, “साहेब, पाहुण्यांना सहापर्यंतच आत थांबता येतं. सगळे निघाल ना तोवर?”

“आम्ही निघू,” मी म्हणालो. “या राहायला आल्या आहेत.”

त्याने दांडा वर केला.